गजर कोणाच्या मुलासाठी वाजणार?



"मुले पळवणारी टोळी आपल्या भागात आली आहे. दहा-पंधरा जण आहेत, साधूच्या आणि भिकाऱ्याच्या वेषात फिरतात. सावध राहा, सगळ्यांना पाठवा." हा मेसेज ज्याच्या मोबाईलवर कधीच आला नाही असा माणूस अलोऱ्यापासून चिपळूणपर्यंत शोधून सापडायचा नाही. गावाचे नाव तेवढे बदलते, बाकी मजकूर तोच. कोणते मूल, कुठून, किती वाजता, कोणत्या पोलीस ठाण्यात तक्रार, यातले त्यात काहीच नसते. असते ते एकच, संशयिताचे वर्णन. आणि ते वर्णन नेहमी गरीब, भटक्या, परक्या माणसाचे असते.

हा झाला गर्दीचा गजर. मूल खरोखर पळवले जाते तेव्हा सरकारने वाजवायचा जो गजर आहे, तो मात्र आपल्याकडे वाजत नाही. हे दोन्ही प्रश्न एकच आहेत असे आमचे म्हणणे आहे. अपहृत मुलांसाठी अधिकृत तातडीचा इशारा द्या, ही मागणी बालकल्याणवाल्या संस्थांवर सोडून चालणार नाही. ती आंबेडकरी चळवळीची मागणी व्हायला हवी. का, ते सविस्तर मांडतो.

१९९६ हे साल घ्या. त्या वर्षी १३ जानेवारीला अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात, आर्लिंग्टन शहरात, अंबर हॅगरमन नावाची नऊ वर्षांची मुलगी सायकल चालवत असताना पळवली गेली. एका शेजाऱ्याने ते पाहिले, पोलिसांना लगेच कळवले. तरी चार दिवसांनी तिचा मृतदेहच सापडला. लोक संतापले. वादळाचा इशारा रेडिओ मिनिटात देतो, मग मूल पळवल्याचा का देत नाही, असा साधा प्रश्न पुढे आला. डॅलस-फोर्ट वर्थ भागातली रेडिओ केंद्रे आणि पोलीस एकत्र आले आणि अंबर अलर्ट सुरू झाला. २००३ मध्ये त्याला देशपातळीवर कायद्याचे बळ मिळाले, पुढे तो थेट मोबाईलवर येऊ लागला. या इशाऱ्यांमुळे सापडलेल्या मुलांची तिथली नोंद आज हजाराच्या पुढे आहे.

त्याच १९९६ साली महाराष्ट्रात अंजनाबाई गावित आणि तिच्या दोन मुली पकडल्या गेल्या. १९९० पासून सहा वर्षे त्या लहान मुले पळवत होत्या. गर्दीत पाकीट मारताना मूल कडेवर असले की लोकांना दया येते, एवढ्यासाठी. नकोशी झालेली मुले मारून टाकली गेली. तेरा मुलांच्या अपहरणाचा खटला चालला. २००१ मध्ये कोल्हापूरच्या सत्र न्यायालयाने दोघी बहिणींना फाशी सुनावली, २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली आणि दयेच्या अर्जाला झालेल्या विलंबामुळे जानेवारी २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती जन्मठेपेत बदलली. या खटल्यावर खूप लिहिले गेले, सिनेमावाल्यांनाही तो आवडला. पण सगळी चर्चा त्या बायका किती क्रूर यावर झाली. सहा वर्षे हे चालू कसे राहिले, हा प्रश्न फारसा कोणी विचारला नाही.

पहिले मूल कोल्हापुरातल्या भीक मागणाऱ्या एका बाईचे होते. तिच्या मुलासाठी कोणता रेडिओ बोलणार होता? कोणते वर्तमानपत्र पहिल्या पानावर फोटो छापणार होते? एका जिल्ह्यातून मूल गेले तर दुसऱ्या जिल्ह्यातल्या बसस्थानकावरच्या माणसाला ते कळण्याची सोयच नव्हती. शेवटी त्या सापडल्या त्यासुद्धा ओळखीतल्याच कुटुंबातल्या मुलीच्या प्रकरणातून. टेक्सासमध्ये एका मुलीच्या मरणातून यंत्रणा उभी राहिली. आपल्याकडे इतकी मुले जाऊनही उभी राहिली ती फक्त एक भयकथा. समाजशास्त्राच्या भाषेत सांगायचे तर, दुःख सार्वजनिक व्हायलाही सामाजिक भांडवल लागते. आपल्या भाषेत सांगायचे तर, मूल कोणाचे यावर ओरड ठरते.

आता हा इशारा नेमका काम कसा करतो ते पाहू. अपहरणाच्या गुन्ह्यात सगळ्यात महाग गोष्ट असते वेळ. पळवून ठार मारल्या गेलेल्या मुलांच्या प्रकरणांचा अमेरिकेत अभ्यास झाला, तेव्हा त्यातली सुमारे तीन चतुर्थांश मुले पहिल्या तीन तासांतच मारली गेल्याचे दिसले. आमच्या अलोऱ्यातून निघालेली गाडी तासाभरात कुंभार्ली घाट चढून सातारा जिल्ह्यात जाते. खाली उतरली तर चिपळूणला कोकण रेल्वे आणि मुंबई-गोवा महामार्ग. तक्रार लिहून घेईपर्यंतच जिल्हा ओलांडला जातो. अशा वेळी पोलिसांच्या दोन डोळ्यांना हजारो डोळे जोडायचे, हे इशाऱ्याचे काम. टोलनाक्यावरचा कर्मचारी, एसटीचा वाहक, पेट्रोल पंपावरचा मुलगा, टपरीवाला, रिक्षावाला यांना मुलाचे वय, कपडे, गाडीचा रंग आणि नंबर एकाच वेळी कळतो.

नोव्हेंबर २०२३ मधले केरळचे उदाहरण आहे. कोल्लम जिल्ह्यातल्या ओयूर इथून सहा वर्षांच्या मुलीला गाडीतून पळवले, खंडणी मागितली. सोबत असलेल्या तिच्या भावाने पाहिलेले सांगितले. काही तासांत राज्यभर नाकाबंदी झाली, वाहिन्यांवर आणि मोबाईलवर गाडीचे वर्णन आणि मुलीचा फोटो पोचला. दुसऱ्या दिवशी दुपारी पळवणाऱ्यांनी मुलीला कोल्लमच्या आश्रामम मैदानावर सोडून दिले. तिला ओळखले ते तिथे असलेल्या विद्यार्थ्यांनी, कारण चेहरा सगळ्यांना माहीत झाला होता. काही दिवसांत एकाच कुटुंबातले तिघे अटकेत गेले. ते कोणी भटके नव्हते, साधू नव्हते, भिकारी नव्हते. कर्जात बुडालेले, घरदार असलेले लोक होते. व्हॉट्सॲपवरच्या त्या मेसेजात असे वर्णन कधी वाचले आहे का?

आपल्याकडे तंत्रज्ञान नाही असे कोणी सांगू नये. जुलै २०२३ मध्ये एका सकाळी आपले मोबाईल अचानक मोठ्याने वाजले होते, आठवते? दूरसंचार विभाग आणि राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण यांनी घेतलेली ती सेल ब्रॉडकास्टची चाचणी होती. ठरावीक भागातल्या टॉवरवरून त्या भागातल्या सगळ्या फोनवर एकाच वेळी संदेश जातो, नंबरांची यादी लागत नाही, ॲप लागत नाही. विजेचे, अतिवृष्टीचे इशारे आपल्याला मराठीतही येतात. म्हणजे यंत्र आहे, भाषा आहे, पैसा खर्च झालेला आहे. पण मूल पळवले गेले म्हणून आपला फोन असा वाजल्याचे आमच्यापैकी कोणाला आठवत नाही.

कायदाही आहे. १० मे २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बचपन बचाओ आंदोलनाच्या याचिकेवर स्पष्ट सांगितले की, मूल हरवल्याची तक्रार आली की गुन्हा नोंदवा आणि ते पळवले गेले आहे किंवा मानवी तस्करीत सापडले आहे असे आधी गृहीत धरा. चार महिन्यांत सापडले नाही तर तपास मानवी तस्करीविरोधी पथकाकडे द्या. हा निकाल सहज आला नाही. २००६ च्या डिसेंबरात नोएडाजवळच्या निठारीत नाल्यातून मुलांचे सांगाडे निघाले. त्याआधी मजूर आईबाप पोलीस चौकीच्या पायऱ्या झिजवत होते आणि पोरगी पळून गेली असेल, येईल परत, असे ऐकून घरी जात होते. ते बहुतेक सगळे पोटासाठी शहरात आलेले गरीब होते.

हीच खरी गोम आहे. इशारा मोबाईलवर वाजण्याआधी तो ठाणे अंमलदाराच्या टेबलावर वाजावा लागतो. तिथे आईच्या शब्दाला किंमत नसेल तर जगातला कोणताही टॉवर उपयोगाचा नाही. आपल्याच तालुक्यातले तिवरे धरण आठवा. गळतीबद्दल गावकऱ्यांनी आधीच तक्रारी केल्या होत्या. २ जुलै २०१९ च्या रात्री धरण फुटले आणि भेंदवाडी वाहून गेली. धोका सांगणारे होते, ऐकणारे नव्हते. वीटभट्टीवरच्या कातकरी बाईने, ऊसतोडीला निघालेल्या बापाने, पालात राहणाऱ्या आजीने 'मूल दिसत नाही' म्हटले तर पहिला प्रश्न काय येतो? 'लक्ष कुठे होते तुझे?' तक्रारदाराला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करण्यात पहिले तीन तास निघून जातात.

आता दुसरी बाजू. सरकारचा गजर गप्प राहिला की ती जागा रिकामी राहत नाही. तिथे गर्दीचा गजर वाजतो. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात, राईनपाड्याच्या बाजारात, भिक्षा मागत फिरणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच माणसांना मुले पळवणारे समजून ठेचून मारले गेले. त्यातली बहुतेक माणसे सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढा तालुक्यातून पोटासाठी आलेली होती. ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मारले. ग्रामपंचायतीच्या, म्हणजे संविधानाने गावाला दिलेल्या कार्यालयात! आणि त्यांनी पळवलेले मूल? असे कोणतेही मूल नव्हते.

त्या वर्षी देशभर फिरलेला एक व्हिडिओ बघा. मोटारसायकलवरून दोघे येतात, रस्त्यावर खेळणारे मूल उचलून नेतात. मूळ चित्रफीत कराचीतल्या एका संस्थेने हरवणाऱ्या मुलांबद्दल जनजागृतीसाठी बनवली होती. शेवटी ते दोघे मूल परत आणून ठेवतात आणि संदेशाचा फलक दाखवतात. तो शेवटचा भाग कापला गेला. मुले वाचवण्यासाठी बनवलेली फिल्म माणसे मारण्याच्या कामाला आली.

आणि हे आपल्यापासून फार दूर नाही. आमच्या अलोऱ्यावरून जाणारा गुहागर-विजापूर रस्ता पुढे जतमधून जातो. त्या जत तालुक्यातल्या लवंगा गावात सप्टेंबर २०२२ मध्ये उत्तर प्रदेशातून आलेल्या चार साधूंना याच संशयावरून मारहाण झाली. ती माणसे वाचली. एप्रिल २०२० मध्ये पालघर जिल्ह्यातल्या गडचिंचले इथे दोन साधू आणि त्यांचा चालक वाचले नाहीत. त्या हत्येला धर्माचा रंग देण्याचा खूप प्रयत्न झाला, पण मूळ होते अफवेतच. अफवा धर्म बघून मारत नाही. ती परका, एकटा आणि दुबळा माणूस बघते. आणि या देशात कायमचा परका कोण? ज्याला १८७१ च्या कायद्याने जन्मतः गुन्हेगार ठरवले तो. १९५२ मध्ये तो कायदा गेला, पण संशयाची सवय गेली नाही. पालावर पोलिसांची धाड आणि बाजारात गर्दीची धाड, दोन्हींचे मूळ तिथे आहे.

म्हणून आम्ही म्हणतो, अधिकृत इशारा दोन जीव वाचवू शकतो. पळवलेल्या मुलाचा आणि मूल न पळवताही ज्याच्यावर संशय घेतला जातो त्या माणसाचा. खरा इशारा फोनवर येतो हे लोकांना एकदा पक्के माहीत झाले की 'टोळी आली' म्हणणाऱ्याला विचारता येते, मग फोन का वाजला नाही?

यावर आक्षेप घेणारे आहेत आणि त्यांचे म्हणणे ऐकले पाहिजे. अमेरिकेतले गुन्हेशास्त्राचे अभ्यासक टिमथी ग्रिफिन यांनी अंबर अलर्टची प्रकरणे तपासून सांगितले की यश म्हणून मिरवलेल्या पुष्कळ घटनांत मूल घरच्याच माणसाने, आईबापांच्या भांडणातून नेलेले होते आणि जिवाला तसा धोका नव्हता. खऱ्या जीवघेण्या अपहरणात इशारा बहुतेक वेळा उशिरा पडतो. त्यांनी याला गुन्हेनियंत्रणाचे नाटक म्हटले. आक्षेप खरा आहे, पण त्यातून निघतो तो निष्कर्ष इशारा नको असा नाही. इशारा लवकर हवा आणि मोजून हवा. रोज वाजणारा गजर कोणी ऐकत नाही. म्हणून तिथे निकष आहेत. अपहरणाची पोलिसांनी खात्री केलेली असावी, मूल अठराच्या आतले असावे, जिवाला धोका असावा आणि लोकांना ओळखता येईल इतके वर्णन हाती असावे.

दुसरा आक्षेप आम्हीच घेतो. निकष कागदावर सारखे असले तरी वापरणारे हात सारखे नसतात. अमेरिकेत काळ्या मुलींना 'पळून गेली' असे लिहून मोकळे होतात आणि पळून गेलेल्यांसाठी अंबर अलर्ट वाजत नाही. हे सतत दाखवून दिल्यावर कॅलिफोर्नियाने १ जानेवारी २०२४ पासून काळ्या तरुण-तरुणींसाठी वेगळा एबनी अलर्ट सुरू केला. मूलनिवासींसाठी त्याआधीच फेदर अलर्ट आला होता. म्हणजे समान यंत्रणा आपोआप समान वागत नाही, तिच्यावर शोषितांना डोळा ठेवावा लागतो. आपल्याला हे कोणी शिकवायला नको.

तिसरी मर्यादाही लक्षात घ्या. सगळी मुले गाडीतून उचलून नेली जात नाहीत. सप्टेंबर २०२२ मध्ये इगतपुरी तालुक्यातल्या उभाडे गावच्या कातकरी वस्तीतले प्रकरण उघड झाले. एखादी मेंढी आणि काही हजार रुपये देऊन मुलांना मेंढ्या राखायला वेठबिगारीवर नेले होते. एका लहान मुलीचा जीव गेला, तेव्हा जगाला कळले. ती मुले कोणाच्याच नोंदीत हरवलेली नव्हती. संविधानाच्या कलम २३ ने माणसांचा व्यापार आणि वेठबिगार यांना बंदी घातली आहे. पण शाळेच्या हजेरीपटावर मूल महिनाभर गैरहजर आहे म्हणून घंटा वाजत नाही. हा गजर मोबाईलचा नाही, शिक्षकाचा, अंगणवाडी ताईंचा आणि आपला आहे.

तर आमची मागणी अशी आहे. सेल ब्रॉडकास्टमध्ये मुलांच्या अपहरणाचा इशारा सामील करा. तो देण्याचा अधिकार जिल्हा पोलीस अधीक्षकांना द्या, मुंबईच्या परवानगीची वाट बघायला लावू नका. इशाऱ्यात मुलाचे वर्णन, गाडीचे वर्णन, ठाण्याचा नंबर असावा. संशयिताची जात, जमात, धर्म, 'वेष' असले काही असता कामा नये. मूल सापडले की तसा संदेशही तितक्याच मोठ्याने यावा. जिथे रेंज नाही, साधा फोनही नाही, तिथे एसटी स्टँडवरची घोषणा, ग्रामपंचायतीचा आणि विहाराचा लाऊडस्पीकर वापरावा. आणि दर वर्षी जिल्ह्याने जाहीर करावे की किती तक्रारी आल्या, किती वेळात गुन्हा नोंदला, किती इशारे दिले आणि कोणत्या समाजातल्या मुलांसाठी दिले.

कार्यकर्त्यांसाठी काही गोष्टी. मूल हरवले की चोवीस तास थांबा असे कोणताही कायदा सांगत नाही. ११२ आणि १०९८ दोन्हींवर फोन करा. हद्द आमची नाही असे ठाण्यात सांगितले तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे कुठल्याही ठाण्यात तक्रार देता येते, हे शांतपणे दाखवा. तरी नोंद झाली नाही तर त्याच कलमाखाली पोलीस अधीक्षकांना लेखी पाठवा. आईला एकटीला ठाण्यात पाठवू नका, सोबत जा. मूल सापडले की त्याचा फोटो सगळ्या ग्रुपवरून काढायला लावा. बालन्याय कायद्याच्या कलम ७४ ने मुलाची ओळख जपण्याचे बंधन घातले आहे, आणि त्या मुलाला पुढे जगायचे आहे.

आणि 'टोळी'चा मेसेज आला तर? कालाम सुत्तात बुद्धांनी केवळ ऐकीव म्हणून काही मानू नका, तपासा, असे सांगितले. ते दर रविवारी विहारात ऐकायचे आणि सोमवारी बोटाने फॉरवर्ड करायचे, हे चालणार नाही. मेसेज थांबवा, ठाण्यात फोन करून विचारा आणि खोटा असेल तर त्याच ग्रुपवर तसे लिहा. बाजारात एखाद्या डवरी गोसाव्याभोवती गर्दी जमू लागली तर मोबाईल काढून शूटिंग करू नका. गर्दीच्या आणि त्याच्या मध्ये उभे राहा आणि ११२ लावा. राईनपाड्यात तेवढे करणारी माणसे पुरेशी असती तर पाच घरे उघडी पडली नसती.

भीक मागणाऱ्या आईचे मूल गेले तरी जिल्ह्यातला प्रत्येक फोन वाजला पाहिजे, आणि मूल गेलेच नसेल तर भीक मागणाऱ्या माणसावर एकही हात उठता कामा नये. यातले एक मिळाले आणि दुसरे नाही, असे आम्हाला चालणार नाही.

जय भीम! जय संविधान!